आजीचं 'वय झालंय' की ही फ्रेल्टी आहे? एआय हे कसं ओळखतं?

नवी पेठेत जाताना आजोबा हल्ली दोनदा थांबतात. खुर्चीतून उठताना आजीला हाताचा आधार लागतो. घरचे म्हणतात, 'वय झालं.' पण हे वय नसून फ्रेल्टीही असू शकते, म्हणजे शरीराची राखीव ताकद संपत येणं. अशा वेळी साधा ताप किंवा बाथरूममध्ये घसरलेला पायही माणसाला अंथरुणाला खिळवतो.

2001 मध्ये अमेरिकेत लिंडा फ्रीड आणि सहकाऱ्यांनी तिच्या पाच खुणा मांडल्या: प्रयत्न न करता वर्षभरात साधारण साडेचार किलो वजन घटणं, सततचा थकवा, कमी हालचाल, मंदावलेली चाल आणि हाताची सैल पकड. तीन किंवा जास्त खुणा असतील तर फ्रेल्टी. एक-दोन असतील तर माणूस उंबरठ्यावर आहे, आणि तिथूनच त्याला मागे फिरवणं सोपं असतं.

मग यात एआय काय करतं? ब्रिटनमध्ये 2016 साली डॉक्टरांकडच्या कॉम्प्युटर नोंदींमधून 36 तक्रारी मोजणारा फ्रेल्टी निर्देशांक आला. ती खरं तर साधी बेरीज आहे. मशीन लर्निंग त्यापुढे जाऊन कोणत्या तक्रारी एकत्र आल्या की धोका वाढतो, हे शोधतं. दुसरा मार्ग चालीचा. मोबाईलमधल्या सेन्सरवरून किंवा व्हिडिओवरून पावलांची लय आणि वेग टिपता येतो. यावर जगभर संशोधन सुरू आहे.

सोलापुरात अडचण वेगळीच आहे. इथल्या अनेक ज्येष्ठांचं मेडिकल रेकॉर्ड म्हणजे कॅरीबॅगेत कोंबलेल्या चिठ्ठ्या. त्यातून एआय काय वाचणार? शिवाय आयुष्यभर विड्या वळलेल्या बाईची बोटं अजून चपळ असतील, पण गुडघे तिला उठू देत नसतील. परदेशी शरीरांवर शिकलेलं मॉडेल इथे सहज फसेल. म्हणून आपली आकडेवारी हवी. मुंबईच्या आयआयपीएस संस्थेच्या 'लासी' सर्वेक्षणात (2017-18) 45 वर्षांवरच्या सुमारे 72 हजार लोकांची माहिती घेतली गेली. त्यात हाताची पकड मोजली, साठीपुढच्यांची चालही मोजली.

आणखी एक गोष्ट. सत्तरीपुढच्यांना मिळणारं आयुष्मान वय वंदना कार्ड मुख्यतः अॅडमिट झाल्यावर उपयोगी पडतं. फ्रेल्टी मात्र त्याआधीच पकडायची असते.

ओळखल्यावर औषधाची जादूची गोळी नाही. ताकद वाढवणारे व्यायाम, पुरेसं प्रोटीन (डाळ, अंडी, दूध, आपल्या शेंगा) आणि चालू गोळ्यांची डॉक्टरांकडून फेरतपासणी. 2014 च्या अमेरिकेतल्या 'लाइफ' अभ्यासात सत्तरीपुढच्या 1,635 जणांचा समावेश होता. नियमित व्यायाम करणाऱ्या गटात चालणं बंद पडण्याचा धोका सुमारे 18 टक्क्यांनी कमी दिसला.

एआय अॅपची वाट पाहायची गरज नाही. भिंतीला टेकवलेली खुर्ची घ्या, शेजारी उभे राहा आणि आजीला हात न टेकता पाच वेळा उठ-बस करायला सांगा. जागतिक आरोग्य संघटनेच्या पद्धतीत यासाठी 14 सेकंद दिलेत. जमलं नाही, तर पुढच्या वेळी बीपी तपासायला जाताना डॉक्टरांना हे आवर्जून सांगा.