थडग्याचं नाव, मुळांचं गाणं

जुन्या गोव्यात सेंट फ्रान्सिस ऑफ असिसीच्या चर्चमध्ये गेलात, तर थोडं पायाखाली बघून चाला. तिथल्या फरशीत पोर्तुगीज काळातल्या कबरींच्या शिळा बसवलेल्या आहेत. ‘सेपुल्तुरा’ हा शब्द मी पहिल्यांदा जुन्या गोव्यातल्या अशाच शिळांवर वाचला. पोर्तुगीज भाषेत त्याचा अर्थ थडगं.

पुढं काही वर्षांनी माझा भाचा सुट्टीत घरी आला, तो छातीवर हाच शब्द मिरवत. काळा टी-शर्ट आणि त्यावर काटेरी अक्षरं. ‘मामा, हा ब्राझीलचा बँड आहे,’ म्हणून त्यानं हेडफोन माझ्या कानाला लावला. अर्ध्या मिनिटात मी तो काढला. ‘अरे, हे गाणं आहे की पिठाची गिरणी?’

तो हसला आणि म्हणाला, ‘आता हे ऐक.’ या तुकड्यात विजेची गिटार नव्हती. साधी गिटार होती आणि तिच्यासोबत पुष्कळ माणसांचा, एका लयीत घुमणारा आवाज होता. ही माणसं कोण, हा प्रश्न तेव्हापासून माझ्या मागं लागला. त्याचं जे उत्तर मिळालं, ते आज तुम्हाला सांगतो.

ब्राझीलमध्ये 1964 पासून 1985 पर्यंत लष्करी राजवट होती. ती संपत आली असताना, 1984 मध्ये, बेलो होरिझोन्ते शहरात मॅक्स आणि इगोर कॅव्हलेरा या भावांनी हा बँड काढला. हे शहर मिनास जेराइस प्रांताच्या राजधानीचं. प्रांताच्या नावातच खाणी आहेत. दोघंही शाळकरी वयाचे. वडील अचानक गेलेले. त्यांना थ्रॅश मेटल आवडायचं, म्हणजे हेवी मेटलचा आणखी वेगवान, आणखी खरखरीत प्रकार. गिटारवरचा एक लहानसा स्वरबंध पुन्हापुन्हा घणासारखा आदळत राहतो. त्याला रिफ म्हणतात. मॅक्स गायचा आणि गिटार वाजवायचा, इगोर ड्रमवर. जगानं ऐकावं म्हणून गाणी इंग्रजीत. सूर अमेरिकेचा, भाषा इंग्रजांची. ब्राझीलचं म्हणावं असं त्यात फारसं काही नव्हतं.

आणि गंमत पाहा. जग ऐकू लागलं, दौरे सुरू झाले, आणि घरापासून दूर गेल्यावर या मुलांना घर आठवू लागलं. 1993 च्या ‘केऑस ए.डी.’ या अल्बममध्ये इगोरचे ड्रम सांबाच्या ढोलांच्या वळणावर गेले. त्यात ‘काइओवास’ नावाची एक शब्दाविना रचना आहे. काइओवा हे ब्राझीलमधले आदिवासी. जमिनी हातच्या गेल्यामुळे त्यांच्यात आत्महत्यांची लाट आली होती. त्यांना वाहिलेली ही रचना ध्वनिमुद्रित झाली कुठं? वेल्समधल्या चेपस्टो किल्ल्याच्या पडक्या भिंतींत! काइओवांपासून हजारो मैलांवर.

हे अंतर मॅक्सला खुपलं असावं. ‘अॅट प्ले इन द फील्ड्स ऑफ द लॉर्ड’ हा अॅमेझॉनच्या जंगलातला चित्रपट पाहून त्याच्या मनानं घेतलं, की आदिवासींसोबत, त्यांच्याच गावात जाऊन ध्वनिमुद्रण करायचं. मध्यस्थांमार्फत विचारणा झाली. होकार आला तो मातो ग्रोसो प्रांतातल्या शावांते लोकांकडून.

शावांते म्हणजे सहज कोणाला दारात उभे करणारे लोक नव्हेत. अठराव्या शतकात त्यांच्यातले काही सरकारी वसाहतीत राहून पाहिले होते. तो अनुभव घेऊन ते अरागुआया नदी ओलांडून पश्चिमेला निघून गेले आणि बाहेरच्यांना त्यांनी दूर ठेवलं. 1941 मध्ये त्यांच्याशी संपर्क साधायला आलेल्या पिमेंतेल बार्बोसा नावाच्या सरकारी अधिकाऱ्याला आणि त्याच्या पथकाला त्यांनी ठार केलं. शांततेचा संबंध जुळला तो 1946 मध्ये. आणि पुढं त्यांच्या एका गावाला सरकारी कागदांत नाव मिळालं, तेही पिमेंतेल बार्बोसाच!

याच शावांतेंमधला मारियो जुरुना हा पुढारी 1970 च्या दशकात सरकारी कचेऱ्यांत जाताना टेपरेकॉर्डर घेऊन जायचा. गोरा साहेब शब्द देतो आणि विसरतो, म्हणून त्याचा शब्द फितीवर धरून ठेवायचा. 1982 मध्ये तो संसदेवर निवडून आला. तिथं पोहोचलेला ब्राझीलचा पहिला आदिवासी. ध्वनिमुद्रित आवाजाची किंमत शावांतेंना शिकवायला कोणाची गरज नव्हती.

1995 च्या नोव्हेंबरात बँड याच पिमेंतेल बार्बोसा गावात ध्वनिमुद्रणाची यंत्रं घेऊन पोहोचला. दोन-तीन दिवस मुक्काम झाला. गावानं पाहुण्यांची अंगं रंगवली. त्यांनी गिटार वाजवली, गावानं गाणी म्हटली. शावांतेंची गाण्याची कल्पना मोठी सुंदर आहे. तरुणाला गाणं स्वप्नात मिळतं. तो ते सोबत्यांना शिकवतो, मग सगळे मिळून गातात. एकाचं स्वप्न असं सगळ्यांचं होतं. तिथं ध्वनिमुद्रित झालेल्या तुकड्याचं नाव ‘इत्सारी’, म्हणजे मुळं. भाच्यानं मला ऐकवला होता तो हाच.

‘रूट्स’ हा अल्बम फेब्रुवारी 1996 मध्ये आला. त्यात ब्राझीलचं दुसरं मूळही आहे, आफ्रिकेचं. ब्राझीलनं गुलामगिरी संपवली 1888 मध्ये, अमेरिका खंडांत सर्वांत शेवटी. गुलामांच्या वंशजांनी जपलेले ताल घेऊन बाहियाचा तालवादक कार्लिन्योस ब्राउन या अल्बमवर आला. एका गाण्याच्या सुरुवातीला बेरिंबाऊ हे एकतारी धनुष्यवाद्य वाजतं आणि मग रिफ कोसळतो. मुखपृष्ठावरचा आदिवासी चेहरा घेतलाय तो चलनातून गेलेल्या 1000 क्रुझेरोंच्या नोटेवरून. ज्यांची जमीन राखता आली नाही, त्यांना सरकारनं नोटेवर जागा दिली होती!

मग हे उसनं घेणं की लुटणं? शहरातल्या पोरांनी रानातलं गाणं उचललं, असं म्हणता येईल. अल्बमवर नाव मोठं राहिलं ते बँडचंच. पण मला एक फरक महत्त्वाचा वाटतो. त्यांनी आधी विचारलं, मग ते गेले. गावाचा आवाज गावातच घेतला आणि त्याच्यावर आपली गिरणी चालवली नाही. 1941 च्या पथकाला हे जमलं नव्हतं.

मुळं सापडली, झाड मात्र दुभंगलं. व्यवस्थापनावरून वाद होऊन 1996 च्या डिसेंबरातच मॅक्स बाहेर पडला. पुढं 2006 मध्ये इगोरही गेला. दोघा भावांविना बँड चालत राहिला आणि डिसेंबर 2023 मध्ये त्यानं निरोपाच्या दौऱ्याची घोषणा केली.

तो सगळा अल्बम सलग ऐकणं माझ्या कानांना अजून जमलेलं नाही. ‘इत्सारी’ मात्र मी अधूनमधून लावतो. कोणा शावांते तरुणाचं स्वप्न माझ्या खोलीत घुमतं, तेव्हा मनात येतं, की हा आवाज आपल्यापर्यंत आला, कारण एकदा तरी कोणीतरी विचारून दार उघडून घेतलं.

(रेडिओवरील भाषणाचा संपादित भाग)