रखवालदार कोणाला नेमावे?

बेळगावच्या माणसाला किर्लोस्करांची गोष्ट सांगणे म्हणजे पंढरपूरकराला चंद्रभागा दाखविण्यासारखे आहे. सायकलींचे दुकान, लोखंडी नांगर, लोखंडाने जमीन नासते हा शेतकऱ्यांचा समज, पहिला नांगर विकला जाण्यास लागलेली दोन वर्षे, हे सारे आपल्या कानांवरून अनेकदा गेले आहे. आज मला त्या कारखान्याच्या फाटकाशी, रात्रीच्या पहाऱ्यापाशी थोडे थांबावयाचे आहे.

लक्ष्मणराव किर्लोस्कर (१८६९–१९५६) हे मूळचे गुर्लहोसूरचे. चित्रकला शिकण्यास ते मुंबईस गेले. परंतु रंग नीट ओळखता येत नाहीत असे आढळल्यावर यांत्रिक रेखाचित्रांकडे वळले आणि व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिक्षक झाले. तेथे त्यांची बढती डावलून ती एका अँग्लो-इंडियन गृहस्थास देण्यात आली, तेव्हा नोकरी सोडून ते बेळगावास परतले. मालक होण्यापूर्वी त्यांनी नोकराचा अपमान सोसला होता. पुढच्या हकिकतीत एवढे ध्यानात असावे.

ठळकवाडीच्या नव्या वसाहतीसाठी नगरपालिकेला जागा हवी झाली आणि कारखाना उठविणे भाग पडले. त्या वेळी औंधचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी कुंडल रोड स्थानकाजवळचा ३२ एकर माळ आणि १०,००० रुपये बिनव्याजी कर्जाऊ दिले. १९१० साली तेथे, निवडुंग आणि साप यांच्या राज्यात, किर्लोस्करवाडी वसली. सोबत आलेली माणसे जगाच्या दृष्टीने फारशी निवडक नव्हती. अनंतराव फळणीकर हे परीक्षेत अयशस्वी झालेले विद्यार्थी. येथे ते कल्पक यंत्रज्ञ ठरले. (आम्हां मास्तर मंडळींनी हे नाव फळ्याच्या कोपऱ्यात लिहून ठेवावे.) शंभुराव जांभेकर यंत्रेही सांभाळीत आणि आजाऱ्यांनाही पाहत.

रात्रीच्या राखणीचे काम मात्र सोपविले गेले तुकाराम रामोशी आणि पिऱ्या मांग यांच्यावर. दोघांच्याही नावावर पूर्वी दरोडेखोरीचा शिक्का होता. पुढच्याच वर्षी, १९११ मध्ये, ‘गुन्हेगार जमातीं’चा कायदा सबंध हिंदुस्थानला लागू करण्यात आला. एखादी जमात त्याखाली जाहीर झाली, की तिच्यात जन्मलेल्या माणसाने काही केलेले असो वा नसो, पोलिसांत हजेरी देणे त्याच्या नशिबी येई. हा कलंक कायद्यातून पुसला जाण्यास १९५२ साल उजाडावे लागले.

या नेमणुकीला केवळ दया म्हणणे मला पटत नाही. मराठ्यांच्या राज्यात रामोशी हे गावांचे आणि गडांचे रखवालदारच होते. इंग्रजी अमलात पुरंदरच्या रामोश्यांचे परंपरेचे हक्क गेले, उमाजी नाईकांनी बंड केले आणि १८३२ मध्ये ते पुण्यास फासावर गेले. राखणीचे काम हिरावलेल्या माणसांना पुढे चोर म्हणावयाचे, ही त्या कारभाराची तऱ्हा होती. किर्लोस्करांनी पाहिले ते हे, की ज्याला रात्रीच्या वाटा ठाऊक आहेत आणि ज्याला आपला शब्द राखण्याची इच्छा आहे, त्याच्याहून चांगला पहारेकरी कोण? पुढे १९३९ मध्ये याच औंध संस्थानात, आटपाडीजवळ स्वतंत्रपूर येथे, कैद्यांची खुली वसाहत उभी राहिली.

लक्ष्मणरावांनी वाडीत अस्पृश्यताही चालू दिली नाही. तरीही एक शंका मनातून जात नाही. जेथे नोकरी, घर आणि पाणी ही एकाच हातून मिळतात, तेथे सारे त्या हाताच्या भलेपणावर अवलंबून असते. मुंबईच्या गिरणी कामगारांना आठवड्याची सुट्टी मिळाली ती १८९० मध्ये, नारायण मेघाजी लोखंडे यांनी हजारोंची सभा भरविल्यानंतर. तेथे मालकांच्या सौजन्याची वाट पाहिली असती तर किती काळ गेला असता, कोण जाणे!

आणि आणखी एक. या वसाहतीच्या हकिकतींत मंगेशराव रेगे आहेत, अनंतराव आहेत, शंभुराव आहेत. दाराशी जागणाऱ्या दोघांच्या नावांपुढे मात्र आडनावाच्या जागी जात आली आहे. कारखान्याच्या किल्ल्या ज्याच्या भरवशावर ठेवल्या, त्याला पिराजीराव म्हणावे, हे मात्र कोणा लिहिणाऱ्याला सुचले नाही.