पेठहून पवईला

फिजिक्सचं पुस्तक मीट. ‘आमच्या वेळची मॅट्रिक आजच्या पदवीला भारी होती’ हे तू नाशिक जिल्ह्यातल्या पेठ गावात लहानपणापासून ऐकत आलीस. चल, बघून येऊ.

साल १८५९. पेठ अजून संस्थान आहे. त्याच्या गादीवर हक्क सांगणाऱ्या भगवंतरावाला इंग्रजांनी सत्तावनच्या बंडात फासावर दिलं, ती धास्ती बाजारात अजून आहे. त्या बाजारातून तू मुंबईला पोचतेस. नव्या विद्यापीठाची पहिली मॅट्रिक चालू आहे. तू मुलगी, म्हणून तुला आत प्रवेश नाही, दारातून बघ. बसलेत १३२, पास होतील २२. सहातला एक! आजच्या मानानं ही चैनच. पण त्या १३२ जणांना नीट न्याहाळ. तुझ्याच वयाचा तो जाड अंगाचा मुलगा तुझ्याच जिल्ह्यातल्या निफाडचा, महादेव गोविंद रानडे. वडील कोल्हापूर दरबारी नोकरीला, म्हणून इंग्रजी शाळा मिळाली, मग एल्फिन्स्टन. खरी चाळणी परीक्षेच्या कितीतरी आधी लागलेली आहे. पुढे विद्यापीठ देशी भाषांना अभ्यासक्रमातून बाहेर काढेल आणि हाच मुलगा न्यायमूर्ती झाल्यावर मराठीला परत आत घेण्यासाठी अखेरपर्यंत खटपट करेल.

आता १९६१. अंगावर पाऊस, पायाखाली नागलीचा चिखल. दादासाहेब बिडकरांचं डांग सेवा मंडळ १९३७ पासून पेठच्या या डोंगरांत मुलांना शाळेत आणण्यासाठी झटतंय. तिकडे पवईची आयआयटी तीन वर्षांची झालीय आणि सगळ्या आयआयटींची पहिली सामाईक प्रवेश परीक्षा होतेय. गणित, फिजिक्स, केमिस्ट्री आणि चौथा पेपर इंग्रजीचा. क्लासचं पीक अजून आलेलं नाही, म्हणून या काळाला निर्मळ म्हणायची पद्धत आहे. मला ते पटत नाही. लाखाची फी नव्हती हे खरं, पण इंग्रजी पेपरची तयारी कुणाच्या घरी जेवणाच्या पाटावर व्हायची, ते उघड आहे. अनुसूचित जाती-जमातींसाठी आयआयटीत जागा राखीव व्हायला १९७३ उजाडलं.

आणि हे २०२४. ‘नीट’ला २३ लाखांवर मुलं बसली, पहिल्या निकालात ७२० पैकी ७२० मिळवणारी ६७ निघाली, तेव्हा मॅट्रिकवाले आजोबा गप्प झाले. एके काळी साठ टक्क्यांना पेढे वाटत. ‘राखीव जागांमुळे तुमचा कट-ऑफ कमी लागतो’ हा टोमणा तू ऐकशीलच. म्हणणाऱ्याला गिरणाऱ्याच्या मजूर बाजारात एकदा पहाटे उभं कर. द्राक्षबागांच्या कामासाठी पेठ तालुक्यातली माणसं तिथं बोली लागायची वाट बघत असतात. त्यांच्यातल्या कितीजणांची पोरं त्या दिवशी शाळेत असतात, तेही विचार.

तुझा अर्ज जेईईचा. २०२१ पासून ‘मेन’ मराठीतून देता येते, हे ऐकून मास्तर खूश झाले होते. पण अकरावीला सायन्स घेतलंस आणि पुस्तकं इंग्रजी झाली. दहावीपर्यंतचं ‘त्वरण’ दोन वर्षांत ‘ॲक्सिलरेशन’ होऊन बसलंय. मराठी पर्याय तुझ्या वाट्याला आला तो तुला मराठी संज्ञा विसरायला लावल्यानंतर. आणि पुढच्या ‘ॲडव्हान्स्ड’ला तर तोही नाही: इंग्रजी किंवा हिंदी. घरी बोलतेस ती कोकणा बोली तर कुठल्याच रकान्यात नाही.

इंग्रजीवर खूण कर. केंद्र नाशिक टाक. सकाळचं सत्र लागलं तर पेपर नऊला, पण हजर व्हायचं त्याच्या बरंच आधी. पहिली एसटी पकडून पोचता येईल का, डेपोत विचारून ठेव. नाहीतर आदल्या रात्री पंचवटीत कुणाकडे उतरायचं ते आजच ठरव.