दृष्टी आणि अवधान : विमानातील हेड-अप डिस्प्लेचा ऐतिहासिक विचार

विमानातील हेड-अप डिस्प्ले हे संगणकयुगाचे अपत्य होय, असा सर्वसाधारण समज आढळतो. परंतु त्यामागील प्रकाशीय तत्त्व विमानाहूनही जुने आहे. डब्लिन येथील दुर्बीणनिर्माते हॉवर्ड ग्रब यांनी १९०० मध्ये रिफ्लेक्टर गनसाइटचे पेटंट घेतले, तेव्हा राइट बंधूंच्या उड्डाणास तीन वर्षांचा अवकाश होता.

भिंगाच्या नाभीवर ठेवलेले चिन्ह प्रकाशित केले असता भिंगातून बाहेर पडणारे किरण समांतर होतात. ते तिरप्या, अर्धपारदर्शक काचेवरून परावर्तित होऊन डोळ्यात शिरले, की चिन्ह काचेवर न दिसता अनंत अंतरावर, जणू लक्ष्यावरच असल्याचे भासते. त्यामुळे काचेसाठी एकदा आणि क्षितिजासाठी एकदा अशी दृष्टी जुळवावी लागत नाही. डोके किंचित हलले तरी चिन्ह लक्ष्यावरून ढळत नाही. पुढील सर्व विकास याच पायावर उभा आहे.

१९१८ पर्यंत जर्मन लढाऊ विमानांत अशा गनसाइट दिसू लागल्या. त्यांतील वर्तुळ स्थिर असे. बंदूक कोठे रोखली आहे एवढेच ते सांगे. दुसऱ्या महायुद्धातील गायरो गनसाइटमध्ये मात्र हे चिन्ह हलू लागले. विमानाच्या वळण्याचा वेग मोजून, पळत्या लक्ष्याच्या किती पुढे नेम धरावा, हे यंत्रच दाखवू लागले. खरा ऐतिहासिक टप्पा हाच मानावा लागेल, कारण काचेवर प्रथमच दृश्याऐवजी गणिताचे उत्तर उमटले. १९४२ मध्ये ब्रिटनमध्ये रडारची आकृतीही समोरच्या काचेवर टाकून पाहण्यात आली. रडारचालकाच्या तोंडी सूचना ऐकून रात्री शत्रूचा माग काढणे वैमानिकास जड जात होते, ही त्यामागील निकड होती.

समुद्रसपाटीलगत वेगाने उडणाऱ्या ब्रिटिश बकनिअर विमानाने १९५८ मध्ये प्रथम उड्डाण केले. इतक्या कमी उंचीवर मान खाली घालून तबकड्या वाचणे जीवघेणे ठरले असते. म्हणून त्यासाठी हेड-अप डिस्प्ले विकसित झाला. कोरीव आकृतीची जागा कॅथोड किरण नलिकेने घेतल्यावर वेग, उंची, कृत्रिम क्षितिज आणि विमान प्रत्यक्षात ज्या दिशेने जात आहे ती दर्शविणारे चिन्ह एकाच दृश्यात आले. कालांतराने भारतातही चंडीगडच्या केंद्रीय वैज्ञानिक उपकरण संस्थेने ‘तेजस’साठी असे उपकरण सिद्ध केले.

डोळ्याची अडचण अशा रीतीने दूर झाली. अवधानाची मात्र राहिली. १९८० मध्ये ‘नासा’ने प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात सिम्युलेटरमधील धावपट्टीवर अचानक दुसरे विमान उभे करण्यात आले. हेड-अप डिस्प्लेतून पाहणाऱ्या ८ अनुभवी वैमानिकांपैकी २ जणांना ते दिसलेच नाही. त्यांनी विमान उतरविणे चालूच ठेवले. चिन्हे आणि धावपट्टी दोन्ही त्यांच्या नजरेच्या एकाच रेषेत होती.