नवाबाच्या शिकारीचे रान : फणसाडची कथा

१/ ताम्हिणी घाट उतरून पुण्याचे तरुण पाठीवर बॅगा टाकून मुरूडला जातात, जंजिरा पाहतात आणि परततात. त्या जलदुर्गाच्या धन्यांनी राखलेले एक रान मात्र मागच्या डोंगरांवर उभे आहे. त्याचे नाव फणसाड. दुर्गाचा इतिहास सर्वांना ठाऊक आहे. रानाचा फारसा कुणी वाचत नाही.

२/ जंजिऱ्याचे सिद्दी मूळचे आफ्रिकेतले. छत्रपती शिवाजी महाराजांनी त्यांच्यासमोर समुद्रात पद्मदुर्ग उभारला. छत्रपती संभाजी महाराजांनी १६८२ मध्ये किनाऱ्यापासून दुर्गापर्यंत दगडांचा भराव घालण्याचा प्रयत्न केला. तरीही जंजिरा अजिंक्यच राहिला.

३/ पुण्याचा या किनाऱ्याशी संबंध जुना आहे. पेशवे घराण्याचे मूळ गाव श्रीवर्धन. तेथे अंमल सिद्दीचा. पहिल्या बाजीरावांनी १७३३ मध्ये सिद्दीविरुद्ध मोहीम काढली. १७३६ मध्ये रेवसजवळ चिमाजी अप्पांच्या फौजेने सिद्दी सात याला ठार केले. सिद्दीचे बळ खचले, पण दुर्ग आणि राज्य टिकले.

४/ १८१८ मध्ये पेशवाई बुडाली. जंजिरा मात्र इंग्रजांच्या छायेत संस्थान म्हणून उरला. काठेवाडातील जाफराबाद वगळता त्याचे क्षेत्र सुमारे ३२४ चौरस मैल होते. समुद्रालगतच्या दाट डोंगररानाचा एक भाग नवाबांनी शिकारीसाठी राखून ठेवला. आजचे फणसाड ते हेच.

५/ येथे एक विसंगती ध्यानात घ्यावी. शिकारीला सावज हवे, सावजाला झाडी आणि पाणी हवे. म्हणून बंदुकीच्या हौसेपायी कुऱ्हाड दूर ठेवली गेली. कोल्हापूरकरांचे दाजीपूर आणि जुनागढच्या नवाबांचे गीर यांचीही कथा याच वळणाची. अशा राखीव रानांची किंमत सहसा भोवतालच्या गावांनी मोजली : सरपण, चराई, रानातली वाट, सारेच दरबाराच्या मर्जीवर.

६/ या रानाचा प्राण म्हणजे पाणवठे. स्थानिक लोक त्यांना ‘गाण’ म्हणतात : फणसाड गाण, चिखल गाण. यांतल्या फणसाड गाणावरूनच अभयारण्याला नाव मिळाले. कोकणात पाऊस धो धो पडतो, पण उतारावरून तो समुद्राला मिळतो. उन्हाळ्यात प्राण्यांचा आधार ही गाणीच.

७/ १९४८ मध्ये संस्थान विलीन झाले आणि रानाचा धनी बदलला. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीवर बंधने आणली. १९८६ मध्ये फणसाड अभयारण्य घोषित झाले. सावजासाठी राखलेली जागा आता सावजाच्याच रक्षणासाठी राखली जाऊ लागली.

८/ येथे बिबट्या, सांबर, भेकर आहेत. राज्यप्राणी शेकरू शेंड्याशेंड्यांवरून उड्या घेतो. झाडांना विळखा घालणाऱ्या गारंबीच्या वेलीला हातभराहून लांब शेंगा लागतात. माथ्यावरून झाडीपलीकडे अरबी समुद्र दिसतो. अरण्य आणि सागर असे एका दृष्टिक्षेपात देणाऱ्या जागा महाराष्ट्रात थोड्याच.

९/ फणसाडची आणखी एक ओळख म्हणजे गिधाडे. गुरांना दिल्या जाणाऱ्या डायक्लोफिनॅक या औषधाने देशभर गिधाडे मेली. २००६ मध्ये जनावरांसाठी त्यावर बंदी आली. येथे गिधाडांसाठी मृत जनावरे ठेवण्याचा उपक्रम झाला. पुढे ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ याच किनाऱ्यावर धडकले आणि असंख्य वृक्ष उन्मळून पडले. तटबंदी वर्षभरात डागडुजी करून उभी करता येते. गिधाडाला घरटे बांधता येईल असा वृक्ष वाढायला पिढ्या लागतात.

१०/ म्हणून सुपेगावच्या प्रवेशद्वारातून आत जाणाऱ्याने दोन गोष्टी स्मरणात ठेवाव्यात. हे रान कुणाच्या उदारतेने वाचले नाही. ते सत्तेच्या हौसेने वाचले आणि त्याचा भार सामान्यांनी वाहिला. आज त्याला नवाबाचा पहारा नाही. आता ते टिकायचे असेल, तर भोवतालच्या गावांना ते आपले वाटले पाहिजे. पाहुण्याने स्थानिक वाटाड्या सोबत घ्यावा, गाणावर गोंगाट करू नये, कचरा परत न्यावा. जंजिऱ्याची तटबंदी तोफांनी राखली. फणसाडची राखण माणसांच्या वागण्यावर आहे.