छोट्या चित्रपटांचे वितरण : विखुरलेल्या प्रेक्षकांचा शोध

चित्रपट पूर्ण होणे आणि तो प्रेक्षकांसमोर येणे, या दोन घटनांमध्ये कधी कधी वर्षांचे अंतर पडते. सुमित्रा भावे व सुनील सुकथनकर या पुण्यातील दिग्दर्शकद्वयीचा 'अस्तु' २०१३ मध्ये तयार झाला. स्मृतिभ्रंश झालेले संस्कृत पंडित आणि त्यांची मुलगी यांच्या या कथेला संवाद व सहायक अभिनेत्री, असे दोन राष्ट्रीय पुरस्कार लाभले. मात्र, चित्रपटगृहांत तो झळकला २०१६ मध्ये. पुरस्कारप्राप्त चित्रपटालाही एवढी प्रतीक्षा का करावी लागते, हे समजून घेण्यासाठी वितरणाची व्यवस्था पाहायला हवी.

वितरणाचे गणित

निर्माता आणि चित्रपटगृह यांमधील दुवा म्हणजे वितरक. ठरावीक विभागाचे हक्क घेणे, जाहिरात करणे, चित्रपटगृहांशी खेळांच्या वेळा आणि उत्पन्नातील वाटा ठरविणे, ही त्याची कामे. काही वेळा तो निर्मात्याला 'मिनिमम गॅरंटी' म्हणून आगाऊ रक्कम देतो आणि तोट्याची जोखीम स्वतः पत्करतो. तर काही वेळा केवळ कमिशनवर काम करतो. दुसऱ्या प्रकारात प्रसिद्धीचा खर्च आणि जोखीम, दोन्ही निर्मात्याच्याच माथी राहतात. छोट्या चित्रपटांच्या वाट्याला बहुधा हाच प्रकार येतो.

शुक्रवार ते रविवार गर्दी झाली नाही, की सोमवारपासून खेळ कमी होऊ लागतात. विशिष्ट विषयाच्या चित्रपटाला ही पद्धत मारक ठरते. त्याचे प्रेक्षक शहरात नसतात असे नाही. पण ते विखुरलेले असतात आणि एकाच आठवड्यात, गैरसोयीच्या वेळी, एकाच पडद्यासमोर जमत नाहीत. राज्य सरकारने एप्रिल २०१५ मध्ये मल्टिप्लेक्सना प्राइम टाइममध्ये मराठी चित्रपट दाखविण्याचे बंधन घातले. त्यातून वेळेचा प्रश्न काही अंशी हाताळला गेला. परंतु कोणता मराठी चित्रपट दाखवायचा, हा निर्णय धंद्याच्या हिशेबानेच होत राहिला.

पुण्याची पर्यायी परंपरा

या हिशेबाबाहेरची वाट पुण्याला नवी नाही. १९६४ मध्ये येथे स्थापन झालेल्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाने केवळ जतनाचे काम केले नाही. पी. के. नायर यांच्या काळात संग्रहालयाच्या वितरण विभागातील १६ मिलिमीटरच्या प्रती देशभरातील फिल्म सोसायट्या आणि शिक्षणसंस्थांकडे जात. कर्नाटकातील हेग्गोडूसारख्या छोट्या गावात 'राशोमोन' आणि 'पथेर पांचाली' पाहिले गेले, ते याच प्रयत्नांमुळे. हे संग्रहालय २०२२ मध्ये राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळात विलीन झाले.

फिल्म सोसायटीचे तत्त्व साधे आहे. सभासद वर्गणी भरतात आणि खेळ त्यांच्यापुरता मर्यादित राहतो. त्यामुळे तिकीटखिडकीवरील गर्दीची चिंता उरत नाही. मुंबईत १९६८ पासून 'प्रभात चित्र मंडळ', तर पुण्यात ऐंशीच्या दशकापासून 'आशय फिल्म क्लब' यांनी हे काम केले. २००२ मध्ये सुरू झालेल्या पुणे आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवाला जाणता प्रेक्षक लाभला, त्यामागे ही पूर्वतयारी होती.

विषयामागून जाणारा प्रेक्षक

भावे-सुकथनकर यांची वाट आणखी वेगळी होती. समाजकार्याच्या क्षेत्रातून आलेल्या सुमित्रा भावे यांनी वस्तीतील स्त्रियांच्या जीवनावर १९८५ मध्ये 'बाई' हा लघुपट केला, तो अभ्यासाचे निष्कर्ष त्याच स्त्रियांपर्यंत, वाचता न येणाऱ्यांपर्यंतही पोहोचावेत म्हणून. म्हणजेच प्रेक्षक आधी ठरला आणि चित्रपट नंतर झाला. पुढे स्किझोफ्रेनियावरील 'देवराई', कोडावरील 'नितळ' आणि नैराश्यावरील 'कासव' आले. 'कासव'ला ६४ व्या राष्ट्रीय पुरस्कारांत सुवर्णकमळ मिळाले.

'अस्तु' आणि 'कासव' यांच्याशी अभिनेते आणि मनोविकारतज्ज्ञ या दोन्ही नात्यांनी जोडलेले डॉ. मोहन आगाशे हे चित्रपट ठिकठिकाणी घेऊन गेले. खेळ झाल्यावर चर्चा, असे त्याचे स्वरूप राहिले. रुग्णांचे नातेवाईक, डॉक्टर, महाविद्यालये, ज्येष्ठ नागरिक संघ हा येथला प्रेक्षक. त्याला शुक्रवारची घाई नसते. चित्रपटगृहातून उतरलेला चित्रपट अशा खेळांच्या आधारे पुढेही अनेक वर्षे जिवंत राहू शकतो.

नवे मार्ग, जुना प्रश्न

ओटीटीमुळे आणखी एक दार उघडले. भावे यांचा 'दिठी' २०२१ मध्ये थेट सोनी लिव्हवर आला. मात्र, तेथेही निवड कंपनीची असते आणि प्रसिद्धीअभावी चित्रपट यादीत हरवू शकतो. चित्रपटगृहांच्या बाबतीत अलीकडचे उदाहरण म्हणजे रोहन कानवडे यांचा 'साबर बोंडं'. २०२५ मध्ये सनडान्स महोत्सवात परीक्षकांचे सर्वोच्च पारितोषिक मिळविणारा हा मराठी चित्रपट त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये राणा दग्गुबाती यांच्या स्पिरिट मीडियामार्फत देशात प्रदर्शित झाला. जागतिक मान्यतेनंतर अशी साथ मिळते. पण प्रत्येक चांगल्या चित्रपटाला सनडान्स लाभत नाही.

एखाद्या संस्थेला असा चित्रपट दाखवायचा असल्यास हक्कधारकाची परवानगी आवश्यक असते. घरी पाहण्यासाठी घेतलेली डीव्हीडी किंवा ओटीटीची वर्गणी सार्वजनिक खेळासाठी चालत नाही. परवानगीसाठी दिलेले शुल्क निर्मात्याच्या हाती पडते आणि त्याच्या पुढच्या चित्रपटाला बळ देते. छोट्या चित्रपटाचा प्रेक्षक संख्येने थोडा असेल. परंतु त्याचा पत्ता ज्याला ठाऊक आहे, तोच त्या चित्रपटाचा खरा वितरक होय.