अद्भुतरम्य कादंबरीमाला : कोणती निवडावी, कोठून सुरू करावी?

ठाणे, प्रतिनिधी - कोलशेतच्या खाडीकाठी पूर्वी आगरी-कोळ्यांची वस्ती आणि रासायनिक कारखाने होते. आज तेथे उंच निवासी संकुले उभी आहेत. या संकुलांतील शाळकरी मुलांच्या दप्तरात आणि लोकलने मुंबई गाठणाऱ्या त्यांच्या पालकांच्या पिशवीत अनेकदा जाडजूड इंग्रजी अद्भुतरम्य कादंबरी आढळते. तिचा पुढचा भाग कोणाकडे आहे, याची विचारणा उद्वाहनात होते, तशी बागेतल्या बाकावरही होते. या वाचनप्रकाराची ओळख जाहिरातीपेक्षा वाचकांच्या शिफारशीतूनच अधिक होते. तथापि 'छान आहे, वाच' एवढी शिफारस येथे पुरेशी ठरत नाही. एकाच कादंबरीत चूक झाली तर फार तर एक रविवार वाया जातो. चौदा खंडांच्या मालिकेत मात्र वर्षही जाऊ शकते.

पूर्ण की अपूर्ण?

जाणकार वाचक पहिला प्रश्न विचारतात तो मालिका पूर्ण झाली आहे काय, हाच. जॉर्ज आर. आर. मार्टिन यांच्या 'अ साँग ऑफ आइस अँड फायर' या मालिकेचा पहिला खंड १९९६ मध्ये व पाचवा २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. तिच्यावर आधारित 'गेम ऑफ थ्रोन्स' ही दूरचित्रवाणी मालिका २०१९ मध्ये संपली, तेव्हाही सहावा खंड आलेला नव्हता. पॅट्रिक रॉथफस यांची त्रिखंडी योजनाही २०११ मधील दुसऱ्या खंडानंतर रेंगाळली. अशा मालिका वाचूच नयेत, असे नव्हे. मार्टिन यांची पात्ररचना एवढी भक्कम आहे की अपुरेपणाची चुटपुट सोसूनही अनेकजण त्या वाचतात. पण शिफारस करणाऱ्याने हे आधी सांगावे, एवढी अपेक्षा रास्तच म्हणावी लागेल.

याउलट उदाहरण रॉबर्ट जॉर्डन यांच्या 'द व्हील ऑफ टाइम'चे. १९९० मध्ये सुरू झालेली ही मालिका लेखकाच्या २००७ मधील निधनाने अर्धवट राहण्याची चिन्हे होती. त्यांनी ठेवलेल्या टिपणांच्या आधारे ब्रँडन सँडरसन यांनी शेवटचे तीन खंड लिहिले आणि २०१३ मध्ये चौदाव्या खंडाने कथानक पूर्ण झाले. मधले काही खंड संथ आहेत, ही वाचकांची तक्रार जुनी आहे आणि ती अनाठायीही नाही. ज्यांना एवढा पल्ला नको, त्यांनी उर्सुला ले ग्विन यांची 'अर्थसी' मालिका घ्यावी. तिचे पहिले पुस्तक १९६८ चे आहे. पुस्तके लहान असूनही भाषा तोलून वापरलेली आहे. जादूपेक्षा जादूगाराच्या जबाबदारीवर तिचा भर आहे.

क्रमाचा वाद

दुसरा वाद क्रमाचा. सी. एस. लुईस यांची 'नार्निया'ची सात पुस्तके १९५० ते १९५६ या काळात आली. मात्र कथेतील कालक्रमाने पाहिल्यास सहावे प्रसिद्ध झालेले पुस्तक पहिले ठरते आणि पुढील आवृत्त्यांत क्रमांकही तसेच बदलले. कपाटातून उघडणारे जग वाचकाला मुलांबरोबरच प्रथम दिसावे, असे वाटत असेल तर प्रसिद्धीचाच क्रम योग्य. आधी उगमकथा वाचली की तो विस्मय निम्मा होतो.

टेरी प्रॅचेट यांच्या 'डिस्कवर्ल्ड'मध्ये तर ४१ कादंबऱ्या आहेत. येथे पहिल्या पुस्तकापासून आरंभ करू नका, असे तिचे चाहतेच बजावतात. पहिली दोन पुस्तके विडंबनावर विसंबलेली आहेत. नगररक्षकांच्या गटापासून, म्हणजे 'गार्ड्स! गार्ड्स!' या कादंबरीपासून सुरुवात केल्यास लेखकाचा खरा सूर लवकर सापडतो. टोल्कीन यांच्याबाबत प्रश्न सोपा आहे. 'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज' ही मुळात मालिका नसून १९५४-५५ मध्ये तीन खंडांत छापलेली एकच कादंबरी आहे. त्यामुळे पहिला खंड वाचून मत देणे म्हणजे नाटकाचा पहिला अंक पाहून परीक्षण लिहिणे होय. मुलांसाठी आधी 'द हॉबिट' (१९३७) घेणे श्रेयस्कर.

मराठीत काय आहे?

मराठीतून वाचू इच्छिणाऱ्यांची अडचण निराळी आहे. 'हॅरी पॉटर'चा मराठी अनुवाद मंजुल पब्लिशिंग हाऊसने काढला. पहिल्या भागाच्या नावातच 'परीस' हा शब्द योजून अनुवादाने मराठी वाचकाचे अर्धे काम हलके केले; लोखंडाचे सोने करणारा हा दगड आपल्या संतवाङ्मयातही परिचित आहे. टोल्कीन यांची महाकादंबरी मुग्धा कर्णिक यांनी 'स्वामी मुद्रिकांचा' या नावाने मराठीत आणली. अमीश त्रिपाठी यांची २०१० ते २०१३ या काळात पूर्ण झालेली शिवकथात्रयीही मराठीत उपलब्ध झाली. तिच्या वेगाची स्तुती आणि तिच्यातील आधुनिक बोलीविषयी नाराजी, दोन्ही एकाच घरात ऐकू येतात.

परंतु मराठीतील अद्भुताचा इतिहास अनुवादापासून सुरू होत नाही. लक्ष्मणशास्त्री हळबे यांची 'मुक्तामाला' १८६१ ची, तर नारो सदाशिव रिसबूड यांची 'मंजुघोषा' १८६८ ची. हरि नारायण आपटे यांच्या 'मधली स्थिती'ने १८८५ मध्ये वास्तवाची वाट रुंद केली आणि अद्भुताकडे समीक्षकांनी हळूहळू पाठ फिरविली. वाचकांनी मात्र ती फिरविली नाही. गो. ना. दातार यांनी रेनॉल्ड्स या इंग्रजी कादंबरीकाराच्या कथानकांना देशी वेश चढविला. 'कालिकामूर्ती' आणि 'इंद्रभुवन गुहा' या त्यांच्या कादंबऱ्यांची पारायणे झाली. नाथमाधव (१८८२-१९२८) यांना शिकारीच्या वेळी सिंहगडावरून पडून कायमचे अपंगत्व आले. अंथरुणाला खिळल्यावर त्यांनी लेखणी हाती घेतली आणि 'वीरधवल'सारखी कादंबरी दिली. तिची भाषा आजच्या मुलांना जड वाटेल. प्रथम मोठ्याने वाचून दाखविल्यास ती सुटी होते.

नंतरच्या काळात नारायण धारप यांनी 'समर्थ' या नायकाभोवती गुंफलेल्या कथांतून भय आणि अद्भुत यांचा मेळ घातला. या कथांना सक्तीचा क्रम नाही, ही नव्या वाचकासाठी मोठी सोय. 'तुंबाड' (२०१८) या चित्रपटामागे धारपांच्या एका कथेची प्रेरणा असल्याचे कळल्यावर त्यांच्या पुस्तकांकडे वळलेला तरुण वाचकही आहे. त्यांच्या अनेक पुस्तकांच्या नव्या आवृत्त्या साकेत प्रकाशनाने काढल्या आहेत.

पुस्तके कोठे शोधावीत?

दातार, नाथमाधव यांच्यासाठी ग्रंथालयाचीच पायरी चढावी लागते. ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय 'महाराष्ट्र सारस्वत'कार वि. ल. भावे यांच्या पुढाकाराने १८९३ मध्ये स्थापन झाले. कल्याणचे सार्वजनिक वाचनालय १८६४ चे. कोलशेतहून यासाठी ठाणे स्थानक परिसरापर्यंत बसने जाणे आले. ग्रंथालयात जुन्या कादंबरीची मागणी नोंदविली गेली नाही, तर ती फळीवर मागे सरकते आणि वर्षानुवर्षे कोणी न नेलेली जीर्ण प्रत कधीतरी रद्दबातल होते. म्हणूनच येथे शिफारशीला निव्वळ गप्पांपेक्षा अधिक वजन आहे.

डोंबिवलीत पै फ्रेंड्स लायब्ररीने राबविलेल्या पुस्तक आदानप्रदानासारख्या उपक्रमांत एक पुस्तक देऊन दुसरे नेता येते. मालिकाप्रेमींना तेथे एकच सावधगिरी हवी: हाती लागणारा खंड बहुधा मधला असतो. तो उचलण्यापूर्वी पहिला भाग घरी, शेजारी किंवा ग्रंथालयात आहे याची खात्री करून घ्यावी. अनुवादित मालिकांचेही सर्व भाग दुकानात एकाच वेळी मिळतील असे नसते, तेव्हा संच विचारूनच खरेदी करावी.